हिरवळीवरचे जोडे

गोल्फचे बूट घेणारा माणूस आधी आरशात बघतो, मग किमतीकडे आणि सगळ्यात शेवटी पायाकडे. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. तो पांढराशुभ्र बूट वरच्या बाजूने नाचवून दाखवतो. तळ दाखवायचा त्याला प्रसंगच येत नाही. आणि गोल्फच्या बुटाची सगळी नोकरी तळाशीच असते.

उजव्या हाताने खेळणारा जोरात फटका मारतो तेव्हा अंगाचा भार डाव्या पायावर येतो आणि ते पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडू बघतं. बूट तिथे ढिला पडला की चेंडू झाडीत आणि दोष वाऱ्याला. म्हणून टाच आत उचलली जाता कामा नये, चवड्याला दोन्ही बाजूंनी आधार हवा, अंगठ्यापुढे थोडी जागा हवी. अठरा होल चालत खेळलं तर सात-आठ किलोमीटर सहज होतात, पाय फुगतात. तेव्हा बूट संध्याकाळी घ्यावेत, आणि ज्या मोज्यांत खेळणार तेच मोजे चढवून. इतकं समजावल्यावर प्रश्न येतो, ‘‘पण बेल्टला मॅच होतील ना?’’

एके काळी या बुटांना धातूचे स्पाइक असत. पकड झकास, हिरवळीची मात्र चाळण. १९९१च्या रायडर कपमध्ये अमेरिकेतल्या किआवा आयलंडवर युरोपच्या बर्नहार्ड लांगरपुढे सहा फुटांचा शेवटचा पट (चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका) होता आणि वाटेत स्पाइकचे ठसे. ते बुजवायला तेव्हा नियमाची मनाई. त्याने ठसे टाळून चेंडू ढकलला, पट हुकला, कप अमेरिकेकडे गेला. ठसे बुजवायची परवानगी आली २०१९मध्ये. तोवर बहुतेक क्लबांनी धातूचे स्पाइक हाकलून प्लॅस्टिकचे आणलेसुद्धा होते. रोगी बरा होऊन घरी गेल्यावर औषध मंजूर झालं, म्हणायचं.

मग २०१०च्या मास्टर्स स्पर्धेत पन्नाशीतला फ्रेड कपल्स मोजे न घालता, बिनस्पाइकच्या साध्या दिसणाऱ्या बुटांत उतरला आणि पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत फेरी संपवून आघाडीवर राहिला. त्यानंतर बिनस्पाइकचे बूट हीच फॅशन झाली. लोकांनी बूट उचलले, ६६ तिथेच राहिले. टायगर वूड्सची गोष्ट याहून बोलकी. अंगावर वर्षानुवर्षं नायकी. पण अपघातात मोडलेला पाय घेऊन २०२२च्या मास्टर्सला आला तेव्हा पायात दुसऱ्याच कंपनीचे, फुटजॉयचे बूट. दुखरा पाय करारनामे वाचत नाही.

आपल्याकडे हिशेब सोपा आहे. पुण्यात उन्हाळ्यात जमीन टणक असते, तिथे बिनस्पाइकचे बूट चालतात. जुलैत ओल्या उतारावर स्पाइक आणि पाणी न शिरणारा बूटच हवा. त्यातही पांढरा घेणाऱ्याने चिखलाशी तक्रार करू नये. भिजलेले बूट उन्हात भाजू नयेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत (हे सदर त्या कामी चांगलं येतं). झिजलेले स्पाइक बदलावेत. नवे बूट थेट स्पर्धेच्या दिवशी काढणाऱ्याला फोड येतात, आणि ते यावेतच.

सर्वांत गंमत त्यांची, जे सात किलोमीटरच्या चालीसाठी गादीदार बूट घेतात आणि मग गोल्फ-कार्टमध्ये बसतात. चालतो कॅडी, खांद्यावर बॅग घेऊन, कॅनव्हासच्या झिजलेल्या बुटांत. चेंडू शोधायला झाडीत तोच शिरतो. त्याच्या टाचेची पकड कशी आहे, हे कुठल्या क्लबच्या समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर असेल असं वाटत नाही.

समितीला काम असतं ते दारावर. मुंबईच्या विलिंग्डन क्लबने १९८८मध्ये मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून आत घेतलं नव्हतं. कवी मुक्तिबोध गेले तेव्हापासून हुसेन यांनी पायताण सोडलं होतं. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता त्या काळी हिंदी सदस्यांना दार उघडणारा क्लब तो! त्या दारातून परत फिरले ते पाय चित्रकाराचे होते, आणि हिरवळीला त्यांच्याइतका निरुपद्रवी तळवा सदस्यांपैकी एकाचाही नसावा.