पाउंड गेले कुठे?

"काय गं मेघा, पहिला पगार झाला म्हणे नर्सरीतला! मग तोंड का एवढंसं?"

"अहो काकू, दीड हजार ठरले होते, त्यातले ३०० नुसत्या टॅक्समध्ये गेले! तिथल्या पगार काढणाऱ्या बाईनेच घोळ घातलाय. उद्या चांगली फैलावर घेते तिला."

"थांब, आधी पेस्लिप दे इकडे. कपडे नंतर वाळत घाल, स्लाऊचं ऊन ते, त्याचा काय भरवसा!"

पेस्लिप कुंपणावरून पलीकडे गेली. काकूंची हयात काउन्सिलच्या पगारखात्यात गेलेली. चष्मा नाकावर येताच त्यांचं बोट नेमकं टॅक्स कोडच्या चौकटीवर टेकलं.

"हे बघ, बीआर. म्हणजे करमुक्त काही नाही, पहिल्या पाउंडापासून २० टक्के. दीड हजाराचे ३००. त्या बाईचा हिशेब चोख आहे हो! बीआर बहुतेक दुसऱ्या नोकरीला लागतो."

"दुसरी कुठली? मला एकच तर नोकरी आहे!"

"मग हवा होता १२५७एल. वर्षाला १२,५७० पाउंड करमुक्त, शेवटचा शून्य गाळला की १२५७. महिन्याचे झाले साधारण १,०४८. उरलेल्या साडेचारशेचे २० टक्के म्हणजे ९०."

"अगं बाई! २१० जास्तीचे गेले की!"

"सुपरमार्केट सोडलंस तेव्हा पी-४५, नोकरी सोडल्याचा कागद, दिला का त्यांनी?"

"कुठला! मॅनेजर आज देतो, उद्या देतो करत बसला."

"तिथेच पाणी मुरतंय. नोकरी सोडल्याची तारीखही कळवली नसणार. एचएमआरसीचं, कर खात्याचं ॲप उघड बघू."

मेघाने ओले हात ड्रेसला पुसून फोन काढला. "काकू, इथे दोन नोकऱ्या दिसतायत! १२५७एल दुकानाच्या नावावर."

"बघ! तुझी करमाफी बसलीय दुकानात आणि तू नर्सरीत."

"मग नर्सरीतल्या बाईला कोड बदलायला सांगू?"

"तिच्या मनाने नाही बदलता येत तिला. कोड एचएमआरसी पाठवते, ती फक्त लावते. तूच ॲपमध्ये दुकानाची नोकरी कधी संपली ते कळव. नाहीतर फोन कर, पण मग चहा घेऊनच बस, लाइन लवकर लागत नाही."

"आणि कापलेले पैसे?"

"साधा १२५७एल आला की ६ एप्रिलपासूनचा सगळा हिशेब एकत्र होतो, फरक पुढच्या पगारात परत. फक्त कोडच्या शेवटी एम१ नाही ना, ते बघ. एम१ त्या महिन्यापुरतंच बघतो, मागचं काही देत नाही."

"कोपऱ्यावरच्या जावईबापूंचंही काहीतरी टॅक्सचंच चाललं होतं ना?"

"त्याचं निराळंच. कंपनीची गाडी मिरवत होता ना? गाडी वापरायला मिळाली की तो फायदा उत्पन्नात धरतात, तेवढी करमाफी घटते. गाडी परत करून वर्ष झालं, कोडमध्ये मात्र ती अजून उभी! कंपनी कळवेल म्हणून हा गप्प. बरं, बायकोची कमाई नाही, तिची करमाफी नुसती पडून. तो २० टक्क्यांतलाच, तिचे १,२६० त्याच्या नावे केले तर वर्षाला २५२ वाचतात. मागच्या चार वर्षांचंही मागता येतं."

"एवढं सगळं तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्याची सासू गौरींना आली होती. हळदीकुंकवाच्या आधीच निम्मं सांगून झालं होतं तिचं."

"भरली बाई तारीख. काकू, त्या वहिनींना २५२ चं सांगा की."

"तूच सांग. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला दुसऱ्याच्या पगारात भारी रस!"