थंड झालं का लागते!

मे महिन्यात आमच्या कारंज्याच्या शिवारात डिझेल इंजिन बंद झालं, की आधी शांतता पसरते आणि मग काकाजी येतात. (कारंजा म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, घाडग्यांचं. लाडांचं कारंजा तिकडे वाशीमकडे.) त्यांना निरोप धाडावा लागत नाही. दोन-चार धुऱ्यांपलीकडच्या इंजिनाचा ठोका चुकला तरी त्यांना खाटेवर पडल्या पडल्या कळतं. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात तंबाखूची डबी आणि दहा-अकराचा पाना. त्या पान्याचं तोंड केव्हाच पसरलंय, त्यामुळे तो कुठल्याच नटाला बसत नाही. पण डॉक्टरच्या गळ्यात नळी असली, की पेशंटला निम्मं बरं वाटतं, तसं आहे ते.

काकाजी मेकॅनिक नाहीत. तरुणपणी ते हिंगणघाटला एका जिनात होते, एवढं सगळ्यांना माहीत आहे. तिथे काय म्हणून होते, हे आजवर कोणी विचारलेलं नाही आणि आता विचारण्याची वेळही निघून गेली. असे काकाजी गावोगावी असतात. कोणी ट्रॅक्टरचे असतात, कोणी मोटार रिवायंडिंगचे, कोणी नुसतेच कोर्टकचेरीचे. आमच्या काकाजींचं एकाच दुखण्यावर प्रभुत्व आहे: इंजिन सकाळी पहिल्या हँडलला लागतं, दोन तास सुरळीत चालतं, पाइप बदलायला पाच मिनिटं बंद केलं की पुन्हा लागायचं नाव घेत नाही.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या संत्राबागेत नेमकं हेच झालं. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालेली, पारा 45 वर, आणि कृषिपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची. म्हणून दिवसा इंजिन. कंपनी कोणती ते विचारू नका. जुनं होतं आणि दादाचं होतं. दादानं हँडल मारलं. चार वेळा मारलं. आठव्या वेळी त्यानं बनियन काढलं आणि बाराव्या वेळी इंजिनाचे पूर्वज काढले. तेवढ्यात धुऱ्यावरून आवाज आला, "काऊन रे, गरम झालं वाटते?"

मागोमाग आणखी चौघे आले. विहिरीवरच्या निंबाखाली बैठक बसली आणि वहिनीनं चहाचं आधण ठेवलं. अशा बैठकीत पक्ष पडतात, ते ठरलेले. एक पक्ष म्हणतो, "हवा धरली." दुसरा म्हणतो, "नोझल गेला." तिसरा पक्ष डिझेलमध्ये पाणी असल्याचं सांगून गावातल्या डबकीवाल्याकडे बोट दाखवतो. यातलं एकही कारण खोटं नाही. नळीत हवा शिरली तरी इंजिन लागत नाही. टाकीच्या झाकणाचं भोक मातीनं बुजलं तरी डिझेल खाली उतरत नाही. टॅपेट फार कसलेलं असलं, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. काकाजींचा मोठेपणा हा, की ते सगळ्या पक्षांचे अध्यक्ष. ते कोणालाही नाही म्हणत नाहीत. "हवा काढू. मंग नोझल पाहू. मंग टॅपेट." असा रीतसर अजेंडा ते ठरवतात.

हवा काढायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. फिल्टरचा स्क्रू सैल केला, तसा बुडबुड फेस आला, मग डिझेलची अखंड धार लागली. "हे पाहा," काकाजी म्हणाले, "हवा होती." नोझल खोलून बाहेर लावला आणि हँडल फिरवलं. फवारा येण्याऐवजी चार थेंब ठिबकले. "हे पाहा, नोझल." टॅपेटमध्ये त्यांनी विडीच्या पाकिटाचा कागद घालून पाहिला. तो अडकला. "हे पाहा, टॅपेट." ज्या ज्या ठिकाणी त्यांनी पाहिलं, त्या त्या ठिकाणी दोष सापडला. मध्ये मध्ये ते दादाला बजावत होते, "अंगठा बोटांच्याच बाजूनं ठेव. हँडल उलटलं तर मनगट घेऊन जाते." हा सल्ला मात्र सोळा आणे खरा. आमच्या भागात असे दोन-तीन वाकडे हात आहेत.

चहा झाल्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, "काकाजी, डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, ती 500 अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. म्हणजे पेटायला उष्णताच लागते. मग गरम इंजिन उलट आधी लागायला पाहिजे ना?"

काकाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तू शिकला ना, म्हणून तुले नाही समजत." मग ते सगळ्यांकडे वळले. "ज्यानं हे इंजन काढलं, तो डिझेल साहेब. 1913 साली बोटीतून इंग्लंडले जाता जाता रात्रीतून गायब झाला. काऊन गायब झाला? गरम इंजन लागत नसन, लोक विचारत असन, जबाब नसन!" रुडॉल्फ डिझेल 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री बोटीवरून नाहीसा झाला, हे खरंच आहे. पुढचं संशोधन काकाजींचं. लगोलग त्यांनी गांधीजींनाही साक्षीला बोलावलं. "महात्माजी 1936 साली आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामले राहाले आले आन् चरखा धरला. चरखा गरम झाला म्हणून थांबला, असं आयकलं का कोणी?"

असा तास गेला. मग काकाजी स्वतः उठले, डिकम्प्रेशनचा खटका वर केला, दादाला हँडल मारायला लावलं आणि नेमक्या क्षणी खटका पाडला. इंजिन भक्‌कन लागलं. टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या.

काकाजींच्या कीर्तीचं गमक मला त्या दिवशी उमगलं. साधा ताप आठवड्यात आपोआप उतरतो, पण गुण शेवटच्या गोळीला मिळतो. तसं तासभरात इंजिन आपोआप निवतं. त्या तासात हवा काढा, नोझल खोला, नाहीतर हनुमान चालिसा म्हणा, ते लागणारच. काकाजींचं निदान चुकेल कसं? त्यांनी इंजिनावर कधी उपाय केलाच नव्हता, त्यांनी इंजिनाला वेळ दिला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाइप बदलला, पुन्हा इंजिन रुसलं, पुन्हा धुऱ्यावर दुपट्टा दिसला. पण काकाजी पोचायच्या आत वहिनी बादली घेऊन आली. तिनं जुन्या लुगड्याचं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि डिझेलच्या पंपाला गुंडाळलं. एकानं बादलीच इंजिनाच्या हेडवर उपडी करायला घेतली, तर ती ओरडली, "हेडवर नका टाकू जी! तापलेलं बीड आहे, तडकन!" पाच मिनिटांनी तिनं दादाला खूण केली. एका हँडलमध्ये इंजिन लागलं.

तालुक्याला पंप दुरुस्तीला नेला, तेव्हा मिस्त्रीनं सांगितलेलं तिनं नीट ऐकून ठेवलं होतं. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं. पंपातला प्लंजर आणि त्याची नळी (ही जोडी म्हणजेच एलिमेंट) यांच्यात मायक्रॉनच्या हिशेबातली, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक फट असते. ती झिजून वाढते. सकाळी डिझेल जरा घट्ट असतं, चालून जातं. इंजिन बंद केल्यावर पाण्याचं फिरणं थांबतं, आतली धग बाहेर येते, पंप आणखी तापतो, डिझेल पातळ होऊन त्या फटीतून मागे निसटतं. चालू इंजिनात वेगामुळे निभतं; हँडलच्या फिरण्यात नोझल उघडण्याइतका, 200 किलोच्या आसपासचा दाब चढत नाही. म्हणजे आदल्या दिवशी नोझलमधून ठिबकलेल्या चार थेंबांचा गुन्हेगार नोझल नव्हता, पंप होता. "एलिमेंट बदला म्हणून मी केव्हाची सांगून राहिली," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी काकाजींकडे पाहिलं. ते शांतपणे तंबाखू मळत होते. "मंग मी का वेगळं सांगतलं? थंड झालं का लागते!"

आणि पंचाईत अशी, की हे वाक्य अक्षरशः बरोबर होतं.

दादानं आठवड्यात एलिमेंट बदललं. तेव्हापासून इंजिन भर दुपारी गरमागरम असतानाही दुसऱ्या हँडलला लागतं. निंबाखाली कोणी जमत नाही आणि वहिनीकडे चहाचं दूध उरतं.

काकाजी परवा दिसले. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना 2024 साली आली, तिच्यात शेजाऱ्यानं पंप बसवला आहे. आभाळ भरून आलं होतं, पंप बंद होता, आणि ते दहा-अकराचा पाना हातात घेऊन त्या काचेच्या पाट्यांभोवती एक चक्कर मारून आले होते. शेजाऱ्यानं काळजीनं विचारलं, "काय झालं असन, काकाजी?"

काकाजींनी वर पाहिलं, डबी उघडली आणि निंबाखाली बूड टेकलं.

"ऊन पडलं का लागते."

ऊन पडलं. पंप लागला.