वीस मिनिटांची 'बनगरवाडी'

एका माध्यमिक शाळेत वाचन प्रेरणा दिनाला प्रमुख पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. डॉ. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात २०१५ पासून या नावाने साजरा होतो. प्रेरणा देण्याइतका मी मोठा वाचक आहे असा शाळेचा मुळीच समज नव्हता. ठरलेले पाहुणे ऐन वेळी आले नाहीत आणि मी शाळेसमोरच राहतो, एवढंच.

कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक, मनोगतं, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांच्या गर्दीत 'सामूहिक वाचन (२० मिनिटे)' असं अंग चोरून बसलं होतं. ती पत्रिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्या दिवशी व्यासपीठावर झालेलं सलग वाचन तेवढंच.

कार्यक्रम सुरू व्हायला अजून वेळ होता, म्हणून मुख्याध्यापकांनी कौतुकाने ग्रंथालय दाखवलं. म्हणजे प्रयोगशाळेच्या दाराशी उभी असलेली तीन लोखंडी कपाटं. एकाची चावी ग्रंथपाल बाईंकडे, दुसऱ्याची मुख्याध्यापकांच्या खणात. तिसऱ्याची आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळात हरवली, ती हरवलीच. सगळी चांगली पुस्तकं त्या तिसऱ्या कपाटात आहेत, असं शिपाईमामांपासून सगळ्यांनी मला एकमुखाने सांगितलं.

बाई अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. अर्धा वेळ ग्रंथालय आणि उरलेला दीड वेळ बदली तास, चाचणीचे गुण आणि कुठली तरी तातडीची माहिती भरणं. त्यांनी दाखल नोंदवही उघडून दाखवली. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, किंमत, पानं आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. देवघेव नोंदवही मागितली तेव्हा बाई हसल्या. "सर, पुस्तक फाटलं तर निर्लेखनाचा प्रस्ताव. हरवलं तर भरपाई. कपाटात राहिलं तर काहीच नाही." बाईंना मी दोष देणार नाही. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल खुलासा मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हरवलेल्याबद्दल मात्र निवृत्तीच्या दिवशीसुद्धा मागतात.

मद्रासात गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झालेल्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं, ग्रंथ वापरण्यासाठी असतात. हे कुणाला सूत्र म्हणून सांगावं का लागतं, असं मला पूर्वी वाटायचं. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळ्यांनी फळ्यांना बांधलेली असत. पण निदान वाचणाऱ्याला ती उघडता तरी येत!

मग सामूहिक वाचन झालं. पुस्तकं वाटायला बारा मिनिटं, परत गोळा करून मोजायला पंधरा. मधली वीस मिनिटं वाचनाची, पण त्यातही छायाचित्रणाचा अंमल होता. फोटो वर पाठवायचे, तेव्हा पुस्तकाचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणून "पुस्तक वर! अजून वर!" अशा सूचना सुटल्या. पाठवलेल्या फोटोत एकाही मुलाचं तोंड दिसत नाही, नुसती मुखपृष्ठं ओळीने बसली आहेत.

नववी 'ब'च्या रांगेत एक मुलगा तेच पान पुन्हा पुन्हा वरच्या ओळीपासून बोटाने लावत होता. जोडाक्षर आलं की बोट थांबे. शेजारच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "वाचायला शिकवणं प्राथमिकचं काम. आमच्याकडे येतात तेव्हा तो भाग झालेला असतो." २०२३ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सरसर वाचता येत नाही असं दिसलं. म्हणजे 'तो भाग' व्हायचाच आहे. पण माध्यमिकच्या वेळापत्रकात त्याला तास नाही, शिक्षक नाही, त्याचा दिनसुद्धा नाही. ज्या अक्षरांची धड ओळख नाही त्यांच्यावर आपण मुलांना थेट प्रेम करायला सांगतो. लग्न ठरवतानाही आपल्याकडे आधी पत्रिका बघतात.

माझं भाषण झालं. वाचाल तर वाचाल, ग्रंथ हेच गुरू, मोबाइलचे दुष्परिणाम. मी काही वेगळं बोललो असेन असं समजू नका. भिलारचा दाखलाही दिला. पाचगणीजवळचं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. तिथे लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली असतात, कोणीही जावं आणि बसून वाचावं. "आमची सहल गेली होती तिकडे!" असं मुख्याध्यापक अभिमानाने मध्येच म्हणाले. मागून एक बारीक आवाज आला, "पुस्तकांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं." स्ट्रॉबेरी मात्र सगळ्यांनी खाल्ली होती.

याच भाषणात, तिसऱ्या रांगेत, गुन्हा घडला. एका मुलाने पुस्तक परत दिलंच नव्हतं. मांडीवर उघडं ठेवून तो वाचत होता. वर्गशिक्षकांनी ते हिसकावलं. "पाहुणे वाचनाचं महत्त्व सांगताहेत आणि तू वाचतोस?"

पुस्तक होतं व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली आलेली, धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला गेलेल्या तरुण मास्तराची कादंबरी. मुलगा बाराव्या पानापर्यंत आला होता. मी मनातल्या मनात हिशेब केला. दरवर्षी बारा पानं धरली तर सव्वाशेच्या आसपास पानांचं पुस्तक संपायला दहा-अकरा वर्षं. मुलगा नववीत.

संध्याकाळी मोजणीत एक पुस्तक कमी भरलं. बाईंचा चेहरा उतरला. कपाटं पुन्हा रिकामी झाली, दप्तरं तपासली गेली, शिपाईमामांनी रद्दीसुद्धा उपसली. पुढच्या वर्षीपासून मुलांच्या हातात पुस्तकं न देता मुखपृष्ठांच्या झेरॉक्स द्याव्यात, फोटोत फरक कळत नाही, अशी सूचनाही पुढे आली. ती विचाराधीन आहे.

चौथ्या दिवशी तिसऱ्या रांगेतला तो मुलगा हिसकावलेलं तेच पुस्तक घेऊन आला. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, सुटलेलं पान खळीने चिकटवलेलं. का नेलंस, या प्रश्नावर म्हणाला, "त्या मास्तरांचं पुढं काय झालं ते बघायचं होतं." त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं. ते दोन पानी आहे आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, असं मराठीच्या बाई म्हणाल्या.

त्या वर्षी शाळेत शेवटच्या पानापर्यंत वाचलं गेलेलं एवढं एकच पुस्तक मला ठाऊक आहे. दाखल नोंदवहीत त्याच्यापुढे मोत्यासारख्या अक्षरात शेरा आहे: 'गहाळ. परत प्राप्त.'