लोखंडाच्या भावात अक्कल

मोटारसायकल बनवणाऱ्या कंपन्यांच्या डोळ्यांपुढे जे गिऱ्हाईक असतं, ते जालना जिल्ह्यात राहत नाही. ते जाहिरातीत राहतं. सडपातळ असतं, बहुधा एकटं असतं, मागे कुणी बसलंच तर तेही तितकंच सडपातळ, आणि दोघांच्याही हातात साधी पिशवी नसते. घनसावंगी, मंठा, परतूर, भोकरदन या बाजूला असा रिकाम्या हाताचा माणूस गाडीवर दिसला तर लोक काळजीने विचारतील, घरी सगळं बरं आहे ना! इथली गाडी दुधाचे कॅन वाहते, कडब्याच्या पेंढ्या वाहते, फवारणीचा पंप, मोसंबीचे क्रेट, खताची गोणी वाहते, आणि या सगळ्यातून जागा उरली तर माणसंही वाहते. बजाजचा कारखाना १९८५ पासून शेजारच्या वाळूजला आहे, म्हणजे कंपनीला हे दिसत नसेल असं नाही. पण कारखान्याला साऱ्या देशासाठी एकच गाडी काढायची असते, आणि साऱ्या देशात काळी माती थोडीच आहे! पावसाळ्यात ही माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये जाऊन बसते आणि धावती गाडी जागच्या जागी उभी करते. तीच गाडी साइड स्टँडवर उभी करावी तर स्टँड मातीत शिरतो आणि गाडी आडवी होते. शोरूममधून येते ती अर्धी गाडी. उरलेली अर्धी वेल्डिंगच्या दुकानात होते: उचलून बसवलेलं मडगार्ड, पायाला पत्र्याची चकती मारलेला स्टँड, जाड पाइपाचं लेगगार्ड, मागचं कॅरिअर आणि कॅन अडकवायचे हूक.

हे सामान करणारा कारागीर स्वतःही तसलीच गाडी, तसल्याच रस्त्यावर चालवतो. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे त्याच्याच गावचा, फार तर त्याच तालुक्यातला गाडीवाला. माझं म्हणणं एवढंच आहे की, या धंद्यात माल चांगला निघतो तो गिऱ्हाईक ओळखीचं असतं म्हणून, आणि धंदा वर येत नाही तोही गिऱ्हाईक ओळखीचं असतं म्हणून. पहिली गोष्ट सहज पटण्यासारखी आहे. मोठ्या कंपनीच्या वॉरंटीत अटी बारीक अक्षरात असतात आणि त्या वाचेपर्यंत मुदत संपते. इथे वॉरंटी कागदावर नाही, ती चहाच्या टपरीवर आहे. हूकचा जोड सुटला आणि कॅन रस्त्यावर आडवा झाला, तर दूध सुकायच्या आत बातमी दुकानात पोचते आणि संध्याकाळी त्याच टपरीवर चारचौघांत तिचं जाहीर वाचन होतं. ज्याला रोज त्याच लोकांत बसून चहा प्यायचा आहे, तो रॉड वाचवत नाही. दिल्लीच्या करोल बागेतून आलेल्या चकचकीत क्रोमच्या लेगगार्डाला ही भीती नाही. ते मोडलं तर शिव्या करोल बागेपर्यंत पोचत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे भाव. हिचं दुखणं जालन्यात जितकं तीव्र आहे तितकं अन्यत्र क्वचितच असेल. हे शहर लोखंडाचं. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून ते सळई होऊन बाहेर पडतात. अर्ध्या महाराष्ट्राच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असेल. परिणामी इथे लोखंडाचा आजचा भाव ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. पुण्यातलं गिऱ्हाईक कॅरिअरची किंमत ऐकून म्हणेल, 'जरा जास्त वाटते.' जालन्याचं गिऱ्हाईक कॅरिअर हातात उचलतं, डोळे बारीक करून अंदाज घेतं आणि म्हणतं, 'पाच किलो भरेल. पाच किलोचे इतके, रॉडचे इतके, लाइटबिलाचे इतके. बाकीचे कशाचे?' हे बाकीचे म्हणजे अकलेचे. कॅन चाकाच्या आसापेक्षा वर टांगला तर वळणावर गाडी झोलते, फार मागे टांगला तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल ऐकत नाही. म्हणून तो खाली आणि शक्य तितका पुढे, पण मागे बसणाऱ्याच्या पायाला लागणार नाही असा बसवायचा. हे गणित ज्याने चुकतमाकत बसवलं, त्याचे ते पैसे. पण गणिताला वजन नसतं आणि काटा वजनच दाखवतो. त्यातून गिऱ्हाईक मित्र. मित्राकडून अकलेचे पैसे घेणं आपल्याकडे अपमानाचं समजतात. मजुरीचे घेतलेले चालतात, तेही दिवाळीनंतर.

अकलेची किंमत वजनापलीकडे झाल्याचं एक उदाहरण महाराष्ट्रात घडलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगार आणि दुचाकीचे भाग जोडून एक छोटी चारचाकी उभी केली, जी किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. ती पुढे त्यांना मिळालीही. मुद्दा बोलेरोचा नाही. लोहारांच्या अकलेला भाव आला तो त्यांना अजिबात न ओळखणाऱ्या माणसाकडून, यात मुद्दा आहे.

यावर कुणी म्हणेल, हा जालन्यालाच खोटं पाडणारा युक्तिवाद झाला. बद्रीनारायण बारवाले जालन्याचेच होते ना? शेतकऱ्याने शेतकऱ्याला बियाणं विकायचं, तेही पुसा सावनी भेंडीपासून सुरुवात करून, आणि त्यातून १९६४ मध्ये महिको कंपनी उभी राहते, १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार घरी येतो! ओळखीच्या गिऱ्हाइकावर धंदा बुडतो म्हणता, मग हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर बियाण्यातच आहे. संकरित बियाणं पेरून आलेल्या पिकातलं बी पुन्हा पेरलं तर पहिल्यासारखं उतरत नाही. शेतकऱ्याला दर वर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. कॅरिअरचं उलट आहे. ते एकदा बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभं राहिलं की पलीकडच्या वेल्डरने नुसतं डोळे भरून पाहायचं. दुपारपर्यंत दुसरं तयार, तेही पन्नास रुपयांनी स्वस्त, कारण त्याच्या हिशेबात 'बाकीचे' नाहीतच. त्यात हे सामान पुरेसं मजबूत असेल तर गिऱ्हाईक दहा वर्षं परत फिरकत नाही. वाईट कॅरिअर करणाऱ्याला निदान दुरुस्तीचं काम मिळतं. चांगलं करणाऱ्याला नुसता रामराम मिळतो.

गाडीवाल्यांनी गाडीवाल्यांसाठी सामान करून पैसा कमावल्याची उदाहरणं परदेशात आहेत. इंग्लंडात पॉल डनस्टॉल स्वतः नॉर्टनवर शर्यती करत होता. त्याचे सायलेन्सर आणि सामान पुढे कॅटलॉगमधून विकलं जाऊ लागलं. अमेरिकेत क्रेग व्हेटरने १९६६ मध्ये वारा अडवणारी फेअरिंग करायला सुरुवात केली आणि १९७८ मध्ये चालती कंपनी विकून मोकळा झाला. त्याचा कारखाना होता इलिनॉयमधल्या रँटूल या गावी, मक्याच्या सपाट शेतांच्या मुलखात, म्हणजे जालन्यासारख्याच शेतीच्या भागात. व्हेटरचा शहाणपणा फेअरिंगइतकाच तिच्या ब्रॅकेटमध्ये होता. फेअरिंग तीच, ब्रॅकेट बदललं की ती वेगळ्या गाडीवर बसते, आणि मुख्य म्हणजे ती डब्यात घालून हजार मैलांवर पाठवता येते. हजार मैलांवरचा माणूस गाडीवाला असतो, आपल्यातला असतो, पण आपला मेहुणा नसतो. उधारी मागत नाही. आपल्याकडे आज पुण्या-मुंबईत बुलेटचं सामान आणि नटवलेल्या गाड्या करणारे नाव कमावून आहेत, ते याच अंतरावर. मंठ्याचं कॅरिअर मात्र शिंप्याकडच्या सदऱ्यासारखं अंगावर माप घेऊन केलेलं असतं. या गाडीला, या दूधवाल्याला, याच कॅनांना. ते डब्यात घालून पाठवायचं तर सोबत दूधवालाही पाठवावा लागेल.

सगळ्यात मोठा आक्षेप कायद्याचा, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. उलट केंद्रीय नियमावलीचा नियम १२३ सांगतो की मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे अडकणार नाहीत. साडीगार्ड लावायला सरकार सांगतं आणि त्याच साडीगार्डाला कॅनचा हूक जोडला की सरकारच्या कपाळाला आठी पडते. ही आठी अगदीच अकारण नाही. शंभर सीसीच्या गाडीने साधारण १३० किलो वाहावं अशी कंपनीची अपेक्षा. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच ८२ किलो, वर कॅनांचं वजन, वर दूधवाला, आणि दूधवाले दूध पिऊन असतात. हूक कितीही सुंदर असो, ब्रेक त्याच कंपनीचा आहे. तेव्हा कारागिराने वजन कमी घ्यायला सांगावं, हे मान्यच. पण डेअरीपर्यंत न्यायची दुसरी सोय होईतो दूध याच गाडीवरून जाणार आहे. मग ते दोरीने बांधून जावं की विचार करून केलेल्या हुकावरून? दोरीवर अजून कुणी कलम लावल्याचं ऐकिवात नाही.

मला राग आहे तो सायलेन्सरवाल्यांचा. त्यांनी या कारागिरीचं नाव फुकट खराब केलं आहे. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला ७७ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि ती ओलांडायला कसलीही कल्पकता लागत नाही. आतला भाग काढून टाकला की झालं. जो काढतो त्याला बनवणारा का म्हणावं? पोलीस अशा सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवतात तेव्हा मला वाईट वाटत नाही. शेवटी ते सपाट होऊन जालन्याच्याच भट्टीत यायचे. त्या आवाजापायी हूक करणाराही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, हे मात्र खटकतं. परिवहन खात्याने कॅरिअर, हूक, स्टँड अशा चार-पाच वस्तूंना मापं आणि वजनाची मर्यादा ठरवून देऊन परवानगी द्यावी. काम अवघड नाही. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी घालण्याइतकं बारीक लक्ष सरकारचं दुचाकीवर आहेच. थोडं गावच्या रस्त्यांकडेही वळवावं.

सरकार ते करील तेव्हा करील. तोवर तुम्ही कॅरिअर करून घ्यायला जाल तेव्हा ते बोल्टने जोडून मागा. चासीला वेल्डिंग मारू देऊ नका, उष्णतेने तिथली नळी कमजोर होते आणि पुढे चीर पडते ती नेमकी तिथेच. किंमत ऐकल्यावर हातात उचलून वजनाचा अंदाज घेऊ नका. आणि नवीन काम सांगण्याआधी मागच्या लेगगार्डाचे राहिलेले पैसे तेवढे देऊन टाका.