प्लॉटार्थी

प्लॉटार्थी हा ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळांत आढळणारा, स्वतःचे घर नसलेला आणि घराखेरीज दुसरे काही न बोलणारा खेळाडू होय. खेळणाऱ्यांच्या प्रत्येक गटात तो एक तरी असतोच. राक्षसाशी लढायला आठ जण जमलेले असतात, ढालवाला पुढे झालेला असतो, आणि ऐन वेळी हेडफोनमध्ये आवाज येतो, "दोन मिनिटं थांबा रे, एक प्लॉट बघून येतो." राक्षस थांबतो, कारण त्याला दुसरे काम नसते. सात मित्रही थांबतात, कारण प्लॉट हातचा गेला तर पुढचे पंधरा दिवस त्याच विषयावर ऐकावे लागेल हे त्यांना ठाऊक असते.

ही जमात जुनी आहे. १९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये खेळाडूंना सर्वांच्या सामायिक जगातच घरे बांधता येत. थोड्याच काळात घर मावेल एवढा सपाट तुकडा शिल्लक राहिला नाही आणि घरे ईबेवर खऱ्या डॉलरला विकली जाऊ लागली. मालक बरेच दिवस फिरकला नाही की घर जीर्ण होत जाई आणि शेवटी कोसळे. कोसळायला आलेल्या घराभोवती माणसे तासन्‌तास उभी राहत. त्यांतली काही आतले सामान उचलायला आलेली असत, काही मोकळी होणारी जागा धरायला. दुसरा गट म्हणजे आजच्या प्लॉटार्थ्याचे पूर्वज.

आजचा प्लॉटार्थी मात्र सर्वांत जोमाने वाढला तो 'फायनल फँटसी चौदा' या जपानी खेळात. २०१३च्या ऑगस्टमध्ये हा खेळ नव्याने सुरू झाला आणि त्याच डिसेंबरात तिथे घरे आली, पण ती खेळाडूंच्या संघांसाठी. एकट्यादुकट्याला घर घ्यायची मुभा पुढच्या वर्षी मिळाली. येथील वसाहती खऱ्याखुऱ्या वसाहतींसारख्या आहेत. रस्ता आहे, कुंपण आहे, शेजारी आहे आणि शेजाऱ्याने लावलेला भडक दिवाही आहे. मिस्ट समुद्राकाठी, लॅव्हेंडर बेड्स रानात, गॉब्लेट रखरखीत दरीत, शिरोगाने जपानी धाटणीचे आणि एम्पिरियम बर्फात. एका वॉर्डात ६० प्लॉट. वॉर्ड वाढत वाढत प्रत्येक वसाहतीत ३० झाले, म्हणजे एका सर्व्हरवर नऊ हजार प्लॉट. शेजार सामायिक ठेवायचा तर त्याचा भार सर्व्हरला पेलावा लागतो, म्हणून जमीन मोजून मापून दिली जाते. घर मागणाऱ्यांची वाढ अशी मोजून मापून होत नाही.

प्लॉटार्थ्याची ओळख पटवणारे मुख्य लक्षण म्हणजे कारंजे. प्लॉट मिळण्याच्या बऱ्याच आधी, एखाद्या भरात, तो खेळातल्या बाजारातून अंगणात बसवायचे एक कारंजे घेऊन ठेवतो. अंगण नाही, त्यामुळे कारंजे सामान सांभाळणाऱ्या नोकराकडे पडून राहते. या नोकराजवळ १७५ वस्तूंची जागा असते. गटाला औषधांच्या बाटल्या ठेवायला जागा हवी असते, चिलखते ठेवायला जागा हवी असते. "तुझं ते कारंजं विकून टाक की," असे कोणीतरी सुचवते. प्लॉटार्थी दुखावतो. "ते समोर बसणार आहे," तो म्हणतो. कशाच्या समोर, हे विचारायचे नसते.

२०२२पूर्वीच्या काळात प्लॉट मिळवण्याची रीत अशी होती. प्लॉट रिकामा झाला की लगेच विक्रीला निघत नसे. मध्ये काही तास जात, आणि ते किती हे कोणालाही कळू नये अशी व्यवस्था केलेली होती. दलालांना आळा बसावा हा हेतू. आळा बसला तो प्लॉटार्थ्याच्या झोपेला. रिकाम्या प्लॉटवरच्या पाटीभोवती वीस-पंचवीस जण गर्दी करून उभे राहत आणि प्रत्येक जण त्या पाटीवर टिचक्या मारत बसे. त्यांत काहींनी टिचक्या मारायला यंत्रमानव लावलेले असत. प्लॉटार्थी स्वतःच्या बोटाने टिचक्या मारी. एका हाताने वरणभात आणि दुसऱ्या हाताने माउस अशी त्याची जेवणे होत. रात्रभर असे काढल्यावर पहाटे पाणी प्यायला उठावे आणि तेवढ्यात प्लॉट जावा, हा अनुभव या जमातीत इतका सार्वत्रिक आहे, की पाणी पिऊन आलेल्यांचीच ती जमात म्हणायला हरकत नाही. प्लॉट गेला की नव्या मालकाचे अभिनंदन करण्याचीही प्रथा होती. ते करताना प्लॉटार्थी त्याच्या अंगणाकडे पाहून एवढेच म्हणे, "इथे कारंजं छान दिसलं असतं."

याच काळात मॅटियस नावाच्या सर्व्हरवर दोन खेळाडूंकडे मिळून दोन डझनांहून जास्त घरे असल्याची बातमी खेळांच्या प्रकाशनांत गाजली. त्यांनी नियम मोडला नव्हता. ती घरे नियम कडक होण्याआधीची होती. प्लॉटार्थ्याला ही बातमी तोंडपाठ असते. साठेबाजी, जमीन सुधारणा आणि कूळकायदा या विषयांवर तो अशा वेळी जे बोलतो ते ऐकून त्याला नागरिकशास्त्रात किती गुण होते असा प्रश्न पडतो.

एप्रिल २०२२मध्ये सोडत आली. पाच दिवस अर्ज, चार दिवस निकाल, की पुन्हा पाच दिवस अर्ज. प्लॉटची पूर्ण किंमत अनामत म्हणून आधी भरायची आणि नंबर लागला नाही तर ती परत घ्यायची. म्हाडाच्या सोडतीचे वेळापत्रक ज्या घरात पाठ असते, त्या घरातल्या मुलाला हे नव्याने समजावून द्यावे लागत नाही. फरक इतकाच की येथे उत्पन्न गट नाहीत. पहिल्याच सोडतीत गडबड झाली. अर्जदार असतानाही काही प्लॉटांच्या पाटीवर विजेता क्रमांक म्हणून शून्य झळकला. शून्य क्रमांकाचा अर्ज कोणाचाच नव्हता. कंपनीने चूक मान्य करून पुढे दुरुस्ती केली, पण प्लॉटार्थ्याच्या मनात तो शून्य कायमचा घर करून बसला. नंतरच्या प्रत्येक सोडतीत हरल्यावर "निदान माणसाकडून हरलो," असे तो समाधान मानतो.

किमती गिल या खेळातल्या चलनात असतात. लहान प्लॉट तीस-पस्तीस लाखांना, मध्यम दीड-दोन कोटींना, मोठा चार-पाच कोटींना. या आकड्यांमुळे प्लॉटार्थ्याच्या घरी गैरसमज होतात. बंद दाराआडून "तीस लाख भरलेत, समुद्रासमोरचा आहे, परवा निकाल," असे ऐकू आल्यावर आई दार लोटते.

"कसले तीस लाख भरलेस रे?"

"अगं आई, खेळातले."

"मग समुद्र?"

"तोही खेळातलाच."

दिवाणखान्यात बसलेले काका एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांना कोणी हाक मारलेली नसते, तरी ते येतात. "तीस लाखांत समुद्रासमोर? सातबारा बघितलास का?" प्लॉटार्थी समजावू लागतो, की सातबारा नसतो, नुसती पाटी असते, आणि पंचेचाळीस दिवस घरात पाय ठेवला नाही तर कंपनी घर पाडते. काका मान हलवतात. "मी म्हणत नव्हतो? बिल्डर फसवा आहे."

सदनिका हा टंचाईवरचा सरकारी उपाय. प्रत्येक वॉर्डाला इमारती जोडलेल्या आहेत, एकीत नव्वद खोल्या, आणि पाच लाख गिलला त्या बहुधा सहज मिळतात. पाडापाडीचा नियमही त्यांना नाही. प्लॉटार्थी सदनिका घेतो, नेटकी सजवतो, आणि तिथे कोणाला बोलावत नाही. एकच खोली आहे, बाहेरून दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे अंगण नाही. अंगणातली वस्तू खोलीत मांडता येत नाही. कारंजे नोकराकडेच राहते. तीन महिने त्या नोकराला दुसरे काही सांभाळायला मिळालेले नाही, अशी गटात कुजबुज असते.

घरांची टंचाई हा निसर्गनियम नव्हे, हे इतर खेळांनी दाखवून दिले आहे. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'ने २०१७मध्ये घरे आणली ती प्रत्येकाची स्वतंत्र, इतरांच्या वाटेत न येणारी; त्यामुळे ती कधी संपत नाहीत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २०१४मध्ये प्रत्येकाला एक किल्ला दिला. तेव्हा जो तो आपापल्या किल्ल्यात जाऊन बसला आणि गजबजलेले चौक ओस पडले. त्याच खेळाने २०२५च्या डिसेंबरात खरी घरे आणायला सुरुवात केली. तेथे साधारण पन्नास घरांची आळी असते, ती भरली की नवी आळी उघडते. सोडत नाही, जाचक देखभाल नाही, वर्गणी थकली तरी घर जप्त नाही, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. टोला कोणाला होता ते प्लॉटार्थ्याला न सांगता कळले.

त्याने तेथेही घर घेतले. तासाभरात मिळाले. दुसऱ्या दिवशी कसे वाटते असे विचारल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे. तिथे काय, कोणालाही मिळतं."

येथे या प्रकाराचे खरे स्वरूप उघड होते. प्लॉटार्थ्याला घर हवे असते हे अर्धे खरे. उरलेले अर्धे असे, की ते दुसऱ्याला मिळालेले नसावे. याचा पुरावा त्याला सोडत लागते त्या दिवशी मिळतो. कधीतरी ती लागतेच. लहान प्लॉट, आडबाजूचा, समुद्र अंगणाच्या एका कोपऱ्यातून जेमतेम दिसतो. नोकराकडून कारंजे येते. ते अंगणाच्या मानाने फार मोठे असल्याचे लक्षात येते. ते दारासमोर बसवल्यावर दाराशी जायला कारंज्याला वळसा घालावा लागतो. आठ दिवसांत प्लॉटार्थी वॉर्ड वाढवायच्या विरोधात जातो. "अजून वॉर्ड काढले तर वस्तीला काही दर्जाच राहणार नाही," असे तो बोलू लागतो. साठेबाजी, जमीन सुधारणा आणि कूळकायदा हे विषय मागे पडतात. शेजारच्याचा दिवा फार भडक असल्याची तक्रार पुढे येते.

हे सगळे मान्य करूनही त्याच्या बाजूने दोन शब्द बोलणे भाग आहे. घर मिळाल्यावर त्याचे दार सर्वांसाठी उघडे असते. अभिप्रायाची वही दारातच ठेवलेली असते आणि वाट चुकून आलेल्या नवशिक्याने तीत "घर छान आहे" एवढे लिहिले, तरी तो ते मित्रांना वाचून दाखवतो. वॉर्डातली घरे तो नंबराने नव्हे, माणसाने ओळखतो: हा रोज बागेला पाणी घालणारा, ही चहाचे दुकान मांडून बसणारी, हा बोलत नाही पण येता-जाता हात करणारा. हे लोक कोणत्या देशात राहतात ते त्याला माहीत नसते.

आणि पंचेचाळीस दिवसांचा हिशेब तो फक्त स्वतःसाठी ठेवत नाही. नोकरी लागून, लग्न होऊन, मूल होऊन खेळ सोडून गेलेल्या जुन्या मित्रांना त्याचाच मेसेज जातो: "चाळीस दिवस झाले. वर्गणी भर आणि एकदा दार उघडून जा." काही जण एका मिनिटासाठी महिन्याची वर्गणी भरतात, घरात पाय ठेवतात आणि निघून जातात. काही जण उत्तर देत नाहीत. मुदत संपते, घर पडते, सामान परत घ्यायला आणखी पस्तीस दिवस मिळतात आणि तेही संपतात. जानेवारी २०२४मध्ये जपानमधल्या नोतोच्या भूकंपानंतर आणि वर्षभराने लॉस एंजेलिसच्या वणव्यांच्या वेळी कंपनीने हे पाडकाम काही काळ थांबवले होते. ज्यांचे खरे घर धोक्यात आहे त्यांचे खेळातले तरी राहावे म्हणून. एरवी नियम चालू असतो. उत्तर न देणाऱ्या मित्राच्या जागेची सोडत निघते तेव्हा, ती जागा मोठी आणि समुद्रासमोरची असली तरीही, प्लॉटार्थी तेथे अर्ज भरत नाही. कारण विचारल्यास तो पैसे कमी पडल्याचे सांगतो. तेवढे पैसे त्याच्याजवळ असतात.

सारांश, घरे अमर्याद केली की रांग संपते, पण शेजार आपोआप येत नाही. आणि शेजार ठेवला की रांग येते. दोन्ही एकदम साधल्याचा दावा नव्या खेळांनी केला आहे, त्याचा निकाल काही वर्षांनी लागेल. तोवर ओळखीच्या प्लॉटार्थ्याने घर पाहायला बोलावले तर वाचकाने जरूर जावे, सगळ्या खोल्या पाहाव्यात, वहीत नाव लिहावे आणि वॉर्ड वाढवावेत की नाहीत हा विषय काढू नये.