रहस्य एक, बिलं अनेक

अमेरिकेत वॉलेस वॉटल्स यांनी १९१० मध्ये श्रीमंत होण्याचं शास्त्र पुस्तकात मांडलं. जवळपास शतकानंतर ते ऑस्ट्रेलियातल्या टीव्ही निर्मात्या राँडा बर्न यांच्या हाती पडलं आणि २००६ मध्ये ‘द सीक्रेट’ हा माहितीपट अवतरला. त्याच वर्षी माहितीपटाचं पुस्तक झालं, २०२० मध्ये कथापटही. जे रहस्य इतक्यांदा फोडावं लागतं, ते मुळात किती घट्ट असेल!

माहितीपट म्हटला की पुरावा आला. नुसत्या विचारानं हवं ते मिळतं, या दाव्यासाठी इथे त्याची सोय झकास आहे. वक्त्याला खुर्चीत बसवायचं, नावाखाली ‘तत्त्वज्ञ’ अशी पट्टी लावायची, मागे गूढ संगीत सोडायचं. पुस्तकात जे नुसतं विधान असतं, ते पडद्यावर साक्ष होतं. बाई दुकानाच्या काचेतला हार डोळे भरून पाहते आणि तो गळ्यात येतो. मधला बिलाचा प्रसंग बहुधा संकलनात उडाला असावा.

हवं ते नुसत्या विचारानं खेचता येतं, असं ठासून सांगणाऱ्या या मंडळींनी डीव्हीडीला किंमत मात्र लावली. प्रेक्षकांच्या खिशावर एकाग्र चित्तानं ध्यान लावायला काय हरकत होती?