‘नोंद आढळली’ एवढंच वाचणाऱ्या साहेबांना

ट्रकचालकांच्या भरतीवर शेवटची सही करणाऱ्या साहेबांना,



तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. भिवंडीच्या गोदामांपासून वाळूजपर्यंत तुमच्यासारखी सही करणारे इतके आहेत, की एकट्या तुमचं नाव घेतलं तर बाकीचे सुटतील. मी फौजदारी कोर्टात वकिली करतो आणि माझ्या अशिलांत ट्रकवाले बरेच आहेत. त्यांच्यातल्या एकाला तुम्ही परवा परत पाठवलंत. लायसन्स हेवीचं, मुदतीत. उमर गाडीवर गेलेली. ट्रायल तुमच्याच माणसाने घेतली आणि पास केलं. मग तुमच्या एजन्सीचा पार्श्वभूमी तपासणीचा अहवाल आला. त्यात लाल अक्षरांत होतं, ‘फौजदारी नोंद आढळली’, आणि खाली भारतीय दंड संहितेचं कलम 283. तुम्ही लाल अक्षरं वाचलीत. कलम वाचलं नाहीत.

ते वाचायला दोन मिनिटं लागली असती. 283 म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणं. शिक्षा 200 रुपयांपर्यंत दंड, कैद नाहीच. नव्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 285 झालं आणि दंडाची मर्यादा 5000 रुपयांवर गेली. कैद तिथेही नाही. आता हा अडथळा झाला कसा, तेही ऐका. एका कारखान्यात माल उतरवायचा होता. गेटवर सांगितलं, नंबर लागला की आत घेऊ. आत गाड्या थांबवायला जागा नाही, बाहेर आसपास ट्रक टर्मिनस नाही. त्याने गाडी रस्त्याकडेला लावली, क्लीनर स्टो पेटवून भात टाकत होता, तेवढ्यात पोलिसांची गस्त आली. गुन्हा दाखल झाला तो त्याच्यावर. ज्यांनी त्याला रात्रभर बाहेर उभं केलं, त्यांच्या कोणत्याही कागदावर काही नोंद नाही. तुमच्या स्वतःच्या गेटबाहेर आज किती गाड्या उभ्या आहेत, ते खिडकीतून बघा. त्यातला प्रत्येक चालक उद्या तुमच्या अहवालात लाल अक्षरांत येऊ शकतो, आणि त्याला तिथे उभं करणारे तुम्ही आहात.

हे झालं दोनशे रुपयांचं कलम. खरा अन्याय अपघाताच्या गुन्ह्यांत होतो.

हमरस्त्यावर अपघात झाला की मोठ्या गाडीवाल्याची चूक, हे आपल्याकडे पंचनाम्याच्या आधीच ठरलेलं असतं. दुचाकीवाला उलट्या बाजूने आला असेल, रस्त्यावर दिवा नसेल, तरी फिर्याद ट्रकचालकावर. पूर्वी 279 (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि 304-अ (हयगयीने मृत्यू) लागायचं, 1 जुलै 2024 पासून 281 आणि 106 लागतं. फिर्याद म्हणजे तपासाची सुरुवात. त्यातून काय निघालं हे खटला संपल्यावर कळतं, आणि खटला संपायला वर्षं जातात. तोवर चालक कायद्याने निर्दोष असतो. तुमच्या तक्त्यात मात्र तो त्याच दिवशी बाद झालेला असतो. साहेब, जो माणूस वर्षानुवर्षं खंबाटकी, कसारा, बोरघाट चढतो-उतरतो, त्याच्या नावावर एखादी फिर्याद असण्याची शक्यता गाडीवर काल चढलेल्या पोराहून जास्तच असणार. तुमची चाळणी अनुभवी हात बाहेर टाकते आणि कोरी पाटी आत घेते. याला तुम्ही सुरक्षा म्हणता!

मुलाखतीत तुमचा माणूस आवर्जून विचारतो, ‘अपघातानंतर पळून गेला होतास का?’ मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 134 त्याला वाचायला द्या. जखमीला दवाखान्यात न्यायचं कर्तव्य चालकावर टाकताना त्याच कलमात जमावाच्या रोषाचा अपवाद घातला आहे. गर्दी जमल्यावर ट्रकवाल्याचं काय होतं, हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. न्याय संहितेच्या 106 च्या दुसऱ्या पोटकलमात प्राणघातक अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद घातली, तेव्हा जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी चाकं थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम सरकारने बाकी कायद्याबरोबर लागू केलं नाही. चालकांना शिक्षेची भीती होतीच. पण थांबलो तर लोक मारतील आणि पळालो तर कायदा मारेल, हा पेच त्यांना अधिक छळत होता. तो पेच तुमच्या फॉर्ममधल्या ‘हो/नाही’च्या चौकटीत मावत नाही.

आता कोर्टाच्या आवारातली एक गोष्ट सांगतो. अपघातातली गाडी पोलीस जप्त करतात. मालकाचा माणूस आरसी बुक, विमा आणि फोटो घेऊन येतो, सुपूर्दनाम्याचा अर्ज टाकतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत गाडी घेऊन जातो. ठाण्याच्या आवारात वाहनं गंजत पडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात तसे निर्देश दिले आहेत. ते योग्यच आहे. गाडी पुन्हा भाड्याला लागते. चालक व्हरांड्यात उभा राहतो, प्लास्टिकच्या पिशवीत तारखांच्या चिठ्ठ्या घेऊन. साक्षीदार येत नाही, पुढची तारीख. सरकारी वकील रजेवर, पुढची तारीख. प्रत्येक तारखेला त्याची फेरी जाते, आणि फेरी गेली की पैसे जातात. मग तो मला विचारतो, ‘वकीलसाहेब, कबूल करून टाकू का?’

हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. 279 ला दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. जखमी माणसाला चालकाशी तडजोड करायची असली तरी 279 तडजोडीने मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. तेवढा पैसा कोणाकडे आहे? म्हणून माणूस न केलेली चूक ‘कबूल’ म्हणतो, दंड भरतो, पावती खिशात घालतो आणि सुटलो म्हणून घरी जातो. तुमच्या अहवालात ती दोषसिद्धी होते. एका दिवसाची मजुरी वाचवायला भरलेला दंड त्याला पुढची सगळी मजुरी नाकारतो. त्याला कबूल करण्यापासून मी दरवेळी परावृत्त करतो, पण तारखेच्या दिवसाची रोजी मी त्याला देऊ शकत नाही. तुम्ही किंवा तुमच्या आधीचा मालक देऊ शकला असता.

आणि हा अहवाल तयार तरी कसा होतो? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव टाकायचं, जे निघेल ते चिकटवायचं. आपल्याकडे एका तालुक्यात एकच नाव, एकच आडनाव आणि बापाचंही तेच नाव असलेली माणसं सापडतात. निर्दोष सुटलेल्याचा खटलाही तिथे ‘निकाली’ म्हणून दिसतो. निकाल काय लागला, हे उघडून वाचावं लागतं. उमेदवार चालकाला त्याच्याबद्दल काय लिहिलंय, ते कधीच दाखवत नाहीत. ‘कळवतो’ म्हणतात, आणि फोन येत नाही. अमेरिकेत अशा एजन्सीच्या अहवालावरून उमेदवाराला नाकारायचं असेल, तर आधी त्याला अहवालाची प्रत द्यावी लागते. म्हणजे चूक असेल तर तो बोलू शकतो. असं करायला तुम्हाला कायद्याची वाट बघायची गरज नाही. एक झेरॉक्स पुरते.

तपासणीच नको, असं मी म्हणत नाही. गॅसचा टँकर कोणाच्या हातात देतोय, हे बघितलंच पाहिजे. दारू पिऊन चालवण्याची शिक्षा झाली असेल, लायसन्स निलंबित असेल, माल चोरल्याचं सिद्ध झालं असेल, तर अडवा. पण कागद म्हणजे तपासणी, हा भ्रम दिल्लीत डिसेंबर 2014 मध्येच फुटला. उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला, आणि त्याच्याकडचा पोलिसांचा चारित्र्याचा दाखला बनावट निघाला. धोकादायक माणूस खोटा कागद आणून आत आला. खरा कागद आणणारा माझा अशील बाहेर राहिला. तुमच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी होतात, आणि दोन्हीची जबाबदारी तुमची आहे.

सरकारी नोकरीतसुद्धा इतकी आंधळी कात्री चालत नाही. 2011 मध्ये संदीप कुमार प्रकरणात दिल्ली पोलिसांच्या भरतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयातल्या किरकोळ चुकांकडे समजुतीने बघायला सांगितलं. 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घ्या, असं बजावलं. पोलिसाच्या वर्दीला जो विचार लागू होतो, तो तुमच्या ट्रकच्या केबिनला का लागू होऊ नये?

चारित्र्याचाच विषय निघाला आहे म्हणून तुमचंही बघू. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून चालकाच्या कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ तास आहे. तुमची डिलिव्हरीची वेळ पाळायची तर चालक किती तास झोपू शकतो, याचा हिशेब तुमच्याच जीपीएसमध्ये आहे. जादा माल भरायला तुम्ही सांगता, ब्रेकचं काम ‘पुढच्या फेरीनंतर’ म्हणून तुम्ही ढकलता. उतारावर ब्रेक लागले नाहीत की फिर्यादीत पहिलं नाव स्टिअरिंगवर बसलेल्याचं येतं. त्यानंतर तोच माणूस तुमच्या ऑफिसात आला, की तुम्ही त्याचं चारित्र्य तपासता. साहेब, ही लबाडी आहे, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे.

मागणी मोठी नाही. उद्यापासून नाकारण्याआधी कलम वाचा, निकाल वाचा, घटना किती जुनी आहे ते बघा. प्रलंबित खटल्याला शिक्षा समजू नका. अहवालाची प्रत चालकाच्या हातात द्या आणि त्याला समोर बसवून दहा मिनिटं ऐका. आणि ज्याला तुम्ही दोनशे रुपयांच्या कलमासाठी घालवलंत, त्याला परत बोलवा. त्याचा नंबर तुमच्या अर्जाच्या फाइलमध्ये आहे. तो अजून कामाच्या शोधात आहे.

कळावे,
तुम्ही नाकारलेल्या एका चालकाचा वकील